सोमाली मुलांना ऑनलाइन कमाईचं शिक्षण: शिकवून झालं, पण पैसे त्यांच्या हातात कसे पडणार?

नैरोबीची_अनुजा

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

नैरोबीत आम्हाला अकरा वर्षं झाली. गेलं दीड वर्ष मी शनिवार-रविवार ईस्टलीत सोमाली मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवते. ईस्टली म्हणजे इथला सोमाली भाग, लोक त्याला 'लिटल मोगादिशू' म्हणतात. १९९१ साली सियाद बारेचं सरकार कोसळलं आणि माणसं मिळेल त्या वाटेने केनियात आली. सुरुवातीला ईस्टलीतल्या गेस्ट हाउसमध्ये बिछान्याखाली माल ठेवून धंदा करायची. आज तिथे मॉलला मॉल लागून आहेत. आमचा वर्ग अशाच एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर भरतो. खाली कापडाची ठोक दुकानं, जिन्यात उदाचा वास. सकाळी मुलं दुग्सीत, म्हणजे कुराणाच्या शाळेत जातात, म्हणून आम्ही दुपारच्या नमाजानंतर बसतो आणि असरच्या अजानीला उठतो. मधे शाह येतो. शाह म्हणजे आपला चहाच, वेलची-दालचिनी घातलेला, आणि आपल्यापेक्षा दुप्पट गोड.

आतापर्यंत दोन तुकड्या झाल्या, मिळून तेवीस मुलं. टायपिंग, स्प्रेडशीट, कॅनव्हावर पोस्टर, ऑडिओ ऐकून लिहून काढणं, फ्रीलान्सिंगच्या साइटवर प्रोफाइल बनवणं, गिऱ्हाइकाला पत्र लिहिणं, फसवणूक ओळखणं, एवढं शिकवलं. मुलं मन लावून शिकली. शेवटी सर्टिफिकेटं दिली, फोटो काढले.

तेवीसपैकी कमाई झाली चौघांची. आणि त्यातले पैसे खरोखर हातात पडले दोघांच्या.

एका मुलीचं सविस्तर सांगते, कारण तेव्हापासून मला चैन नाही. वय वीस. कॅनडातल्या एका दुकानाच्या सहाशे वस्तूंची यादी तिने साफ करून दिली. डबल नोंदी काढल्या, मापं एकसारखी केली. नऊ रात्री बसली होती. मोबदला ४१ डॉलर. काम पसंत पडलं, पाच तारे मिळाले, पैसे खात्यात दिसायला लागले. काढायला गेली तर ओळखपत्र मागितलं. सोमाली भाषा रोमन अक्षरांत लिहितात, आणि त्यात 'सी' हे अक्षर अरबीतल्या 'ऐन' या अक्षरासाठी वापरतात. त्यामुळे तिच्या वडिलांचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'सी'ने सुरू होतं आणि निर्वासित कार्डावर इंग्रजी वळणाने 'ए'ने. त्यात सोमाली लोकांना आडनाव नसतं. स्वतःचं नाव, बापाचं, आजोबांचं, संपलं. फॉर्मने आडनाव मागितलं तेव्हा तिने बापाचं नाव घातलं, आणि कार्डावर शेवटी आजोबांचं. साइट म्हणाली, नावं जुळत नाहीत. अकरा आठवडे पत्रव्यवहार केला आम्ही. शेवटी खातंच बंद झालं.

ती मला मअल्लिमद म्हणते, म्हणजे बाई, शिक्षिका. एवढंच म्हणाली, "मअल्लिमद, काम तर मी नीट केलं होतं ना?" त्यानंतर वर्गाला आली नाही.

तिसऱ्या तुकडीसाठी सतरा नावं येऊन पडली आहेत. घ्यावी की नाही, घेतली तर काय शिकवावं, हे मला खरंच कळेनासं झालंय. तुमच्यातले बरेचजण फ्रीलान्सिंग करतात, काही शिकवतात, काही परदेशात आहेत. सांगा.

---

वऱ्हाडी_पाटील

अनुजाताई, राग मानू नका, पण मनात आलं ते विचारतो. आपल्याकडे यवतमाळ-वाशीमला पदवी घेऊन बसलेली पोरं कमी आहेत का? तिथे कशाला जीव आटवता?

---

नैरोबीची_अनुजा

पाटीलदादा, राग कसला. मी राहते इथे. माझ्या घरापासून वीस मिनिटांवर ही मुलं आहेत, यवतमाळ नाही. आणि इथे जे उमगेल ते तिथल्या मुलांच्याही कामाला येईल. तुमच्या भागातल्या कुणाला रविवारी संध्याकाळी ऑनलाइन शिकायचं असेल तर कळवा, मी तास काढते.

---

वऱ्हाडी_पाटील

दोन पोरी आहेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.

---

कोडकरी_सांगली

ताई, मी आठ वर्षं पूर्ण वेळ फ्रीलान्सिंग करतोय. तुमची पोस्ट दोनदा वाचली. चूक शिकवण्यात नाही, क्रमात आहे. ओळखपत्र आणि पैसे काढण्याची वाट ही शेवटची पायरी नाही, पहिला तास आहे. माझ्याकडे कुणी शिकायला आलं की आधी खातं उघडून, पडताळणी करून, कुठूनतरी एक डॉलर त्यात आणून तो बँकेत उतरवून दाखवायला सांगतो. तो उतरला की मग टायपिंग.

नावाचं म्हणाल तर आपणही त्यातूनच गेलोय. माझं आधारवर एक स्पेलिंग, पॅनवर दुसरं. वडिलांचं नाव मधे घालायचं की शेवटी, यावर माझं पहिलं पेमेंट महिनाभर लटकलं होतं. फक्त मला तहसील कार्यालय होतं, प्रतिज्ञापत्र होतं, बँकेतला ओळखीचा माणूस होता. त्या मुलीला यातलं काय आहे?

एक विचारतो. त्या कार्डांवर जन्मतारखा कशा आहेत?

---

नैरोबीची_अनुजा

नेमकं कसं ओळखलंत! तेवीसपैकी चौदा जणांची १ जानेवारी.

---

कोडकरी_सांगली

वाटलंच. आमच्या वडिलांच्या पिढीची सगळ्या गावाची १ जून. मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिली ती. एकाच पत्त्यावरून, एकाच वायफायवरून, एकाच जन्मतारखेची पाच खाती एका दुपारी उघडली तर कुठल्याही साइटचं यंत्र ओरडणार. मुलांना घरून, आपापल्या फोनच्या नेटवरून, वेगवेगळ्या दिवशी खाती उघडायला सांगा. आणि कार्डावर जसं आहे तसंच, अक्षर न बदलता. शाळेचा दाखला दाखवूच नका.

---

देशमाने_सर

मी पुण्यात एका कॉलेजात बीसीएला सव्वीस वर्षं शिकवलं. सोमाली विद्यार्थी पुण्याला नवे नाहीत. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार असायचे. पुढे काही मोगादिशूला परतले, काही उत्तरेकडच्या हर्गेसा शहराला. संपर्क आहे, अजून ईदला फोन येतात. त्यांच्याकडून जे कळतं ते लिहितो, कारण अनुजाताईंच्या धाग्यात एक गृहीतक आहे, ते तपासायला हवं.

गृहीतक असं की ऑनलाइन कमाई म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या गिऱ्हाइकाची कमाई.

सोमालियात १९९१ नंतर वीसेक वर्षं धड केंद्रीय सरकार नव्हतं, मध्यवर्ती बँक नावापुरती होती. नोटांवर कुणाचा विश्वास उरला नाही. मग फोन कंपन्यांनीच पैशाची व्यवस्था उभी केली. हर्गेसात टेलिसोमचं 'झाद' २००९ मध्ये आलं, मोगादिशूकडे होर्मूदचं 'ईव्हीसी प्लस' २०११ मध्ये. साध्या बटणाच्या फोनवर चालतं, इंटरनेट लागत नाही, आणि खातं डॉलरमध्ये असतं. पाण्याच्या टँकरवाल्याला, भाजीवालीला, मशिदीच्या वर्गणीला, सगळीकडे तेच. जागतिक बँकेने २०१८च्या सुमाराला हिशेब मांडला तेव्हा महिन्याला साडेपंधरा कोटी व्यवहार आणि २.७ अब्ज डॉलरची उलाढाल निघाली होती. आपल्याकडे यूपीआय २०१६ला आलं. हे लोक रोकडीशिवाय जगायला आपल्याआधी शिकले.

गंमत बघा, देशाच्या आत पैसा बोटाच्या टोकावर फिरतो, आणि देशाच्या वेशीवर येऊन थांबतो. परदेशी पेमेंट कंपन्यांना तिथे येण्याचं धाडस होत नाही. स्ट्राइप तिथे चालत नाही.

माझा एक विद्यार्थी मोगादिशूत दुकानांसाठी फेसबुक आणि टिकटॉकवर जाहिराती करून देतो. अत्तर, अबाया, फर्निचर, लग्नाचे हॉल. महिन्याला ठरलेली रक्कम, ईव्हीसीवर जमा. त्याला ओळखपत्र विचारणारा कॅनडातला संगणक मधे येत नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने टिकटॉक आणि टेलिग्राम बंद करण्याचा हुकूम काढला तेव्हा तो हबकला होता. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाचं व्हॉट्सॲपचं कॅटलॉगही करून ठेवतो.

परदेशी कामाचा धोका त्यानेच भोगलाय. २०१७च्या जूनमध्ये मोगादिशूजवळ एका मालवाहू जहाजाने समुद्राखालची केबल तोडली. देशाच्या मोठ्या भागात तीन आठवड्यांहून जास्त इंटरनेट नव्हतं. सरकारने रोजचं नुकसान एक कोटी डॉलर सांगितलं होतं. या पोराच्या हातात तेव्हा लोगोची तीन परदेशी कामं होती. तिन्ही गेली, वर रेटिंग पडलं. गिऱ्हाइकाला वाटलं, पळाला.

ईस्टलीत तर शेकडो दुकानं आहेत. खालच्या मजल्यावरच्या कापडवाल्याचं काम तुमच्या मुलांनी का करू नये?

---

मिनियापोलिसची_माई

देशमाने सरांना अनुमोदन, पण परदेशाचं दार एकदम लावू नका.

मी मिनियापोलिसला सोळा वर्षं आहे. अमेरिकेतली सर्वांत मोठी सोमाली वस्ती आमच्या राज्यात. माझ्या शेजारची हलिमो (नाव बदललं आहे) नर्सिंग होममध्ये डबल शिफ्ट करते आणि दर महिन्याला मोगादिशूला आईला, किसमायोला बहिणीला, नैरोबीला भाच्यांना पैसे पाठवते. बँकेतून नाही, हवालातून. 'हवाला' म्हटलं की आपल्याला घोटाळा आठवतो, त्यांच्यासाठी तो पोस्टमनच्या मनीऑर्डरसारखा भरवशाचा शब्द आहे. इथल्या एका बँकेने २०११ च्या अखेरीस या हवाला दुकानांची खाती बंद केली. दहशतवादाला पैसा गेला तर जबाबदारी आमच्यावर, ही भीती. त्या आठवड्यातली रांग मी पाहिली आहे, बर्फात. पुढे २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बँकेनेही तेच केलं. अनुजाच्या विद्यार्थिनीचे ४१ डॉलर ज्या भिंतीला अडले ती हीच भिंत आहे.

आता दोन गोष्टी.

पहिली धोक्याची. इथले मामा-काका आपल्या नावाने खातं उघडून भाच्याला वापरायला देतात. प्रेमाने देतात. साइटला कळलं की खातं जातं, आणि इथे कर भरायची वेळ आली की कमाई मामाच्या नावावर. घरात भांडणं झालेली पाहिली आहेत. वर्गात हे स्पष्ट सांगच.

दुसरी कामाची. इथे शाळा, दवाखाने, निवडणूक कचेरी, सगळीकडे पत्रकं सोमालीत लागतात. लसीकरणाचं, पालकसभेचं, घरभाड्याचं. यंत्राने केलेलं भाषांतर हलिमो वाचून दाखवते आणि आम्ही दोघी कपाळाला हात लावतो. वाक्य सोमालीसारखं दिसतं, पण सोमाली बाई तसं बोलत नाही. ते तपासून नीट करणारी माणसं हवी आहेत. तुझ्या मुलांकडे ती भाषा आहे.

---

नैरोबीची_अनुजा

माई, डोळ्यांत पाणी आलं गं बर्फातली रांग वाचून.

भाषांतराचं मी करून पाहिलं, त्यात एक गाठ आहे. सोमाली भाषेला रोमन लिपी १९७२ मध्ये मिळाली, आणि १९७४-७५ मध्ये शाळा बंद ठेवून विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत, उंटवाल्यांच्या तांड्यांत शिकवायला पाठवलं होतं. कुठल्याही कीबोर्डवर भाषा जशीच्या तशी उमटते. आपण फॉन्टसाठी किती वर्षं झगडलो! पण माझी मुलं शिकली केनियाच्या शाळेत, इंग्रजी आणि स्वाहिलीत. सोमाली घरी बोलतात, लिहिता येत नाही. एका परिच्छेदात 'बघ' हा शब्द तीन प्रकारे लिहिलेला मी पाहिलाय. मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आपल्या पोरांच्या मराठीसारखंच.

तरी एक सुचतंय. याच मुलांच्या आया-आज्या आहेत. त्यातल्या दोघी मोगादिशूत शाळेत शिक्षिका होत्या! त्या लिहायला शिकवतील, मी बसेन मागे. बोलून बघते.

---

कोडकरी_सांगली

हे फारच छान होईल. आणि ताई, ऑडिओ लिहून काढणं, साधे लोगो, डेटा एंट्री हे अभ्यासक्रमातून काढाच. एआय आल्यापासून माझ्याकडे या कामांची चौकशी जवळजवळ थांबली आहे. उरली आहेत ती कामं माणसाशी बोलून करायची. दुकानाचा हिशेब, गिऱ्हाइकाशी चॅट, जाहिरात लावून तिचा निकाल वाचणं, आणि यंत्राने केलेलं तपासणं.

अजून एक. नैरोबीत परदेशी विद्यार्थ्यांचे निबंध, असाइनमेंट लिहून द्यायचा मोठा धंदा आहे ना? पैसे चटकन मिळतात म्हणतात.

---

नैरोबीची_अनुजा

आहे, आणि मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. मी शिकवत नाही. दुसऱ्याच्या पदवीचा अभ्यास आपण लिहायचा आणि आपल्याला पदवीला जायला पैसे नाहीत, हे मला बघवत नाही. पोर्टफोलिओत दाखवताही येत नाही ते काम. एक मुलगा तिकडे गेला, मी त्याला दोष देत नाही, घरात सहा माणसं आहेत. पण माझ्या वर्गात नाही.

---

शर्वरी_के

मी मदत-पुनर्वसन क्षेत्रात काम केलंय, त्यातलं तीन वर्षं उत्तर केनियात. हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं एक अर्धंमुर्धं उत्तरही आहे, म्हणून लिहिते.

ददाबच्या निर्वासित छावण्या १९९१ पासूनच्या. इफो, दगाहले, हगदेरा. तिथे जन्मलेल्या मुलांना आता मुलं झाली आहेत. परवान्याशिवाय छावणीबाहेर पडता येत नाही, म्हणून ऑनलाइन काम ही कल्पना तिथे फार लवकर आली. २००९-१० मध्ये समासोर्स या अमेरिकन संस्थेने तिथे संगणकावरची छोटी कामं आणली होती. आयफोनवर एक ॲप होतं, छावणीतल्या मुलाने केलेलं काम दुसऱ्या देशातला माणूस बसल्या बसल्या तपासायचा. नंतर इंटरनॅशनल ट्रेड सेंटर आणि नॉर्वेजियन रिफ्युजी कौन्सिलने मिळून ददाब आणि काकुमा या केनियातल्याच दुसऱ्या छावणीत फ्रीलान्सिंगचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं.

त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे ददाबच्या मुलांनी एकत्र येऊन सामूहिक एजन्सी काढली. एकट्याने खातं उघडायला जी कागदपत्रं लागतात ती प्रत्येकाकडे नसतात. पण गट नोंदवला, त्याचं बँक खातं झालं, की गिऱ्हाइकाशी करार गट करतो, काम वाटून घेतो, पैसे गटात येतात आणि तिथून एमपेसावर, म्हणजे केनियातल्या फोनवरच्या पैशाच्या खात्यावर. आपल्या बचत गटासारखंच आहे. सोमालियातही शकादोनसारख्या स्थानिक संस्था आहेत. शकादोन म्हणजे काम शोधणारा. २०१७ मध्ये मोगादिशूत आयराइज हब सुरू झालं. तिथे मुलांना बसायला जागा, वीज आणि नेट मिळतं. पण पैशाच्या वाटेचा प्रश्न कुणीच पूर्ण सोडवलेला मी पाहिला नाही.

आणि देणगीदारांबद्दल मनापासून सांगते. अहवालात 'किती जणांना प्रशिक्षण दिलं' हा रकाना असतो. 'किती जणांच्या हातात पहिला पैसा पडला आणि तीन महिन्यांनी अजून पडतोय का' हा रकाना मी तीन वर्षांत एकदाही भरला नाही, कारण तो नव्हताच. अनुजा, तू तेवीसपैकी दोन असं उघड लिहिलंस. ते आकडे मोजत राहा.

मुलींचं एक विचारायचं होतं. ती मुलगी नऊ रात्री बसली म्हणालीस. रात्रीच का?

---

नैरोबीची_अनुजा

दिवसा घरात एकच फोन, तो भावाच्या दुकानात. रात्री तो घरी आला, सगळे झोपले, की हिच्या हातात. लॅपटॉप वर्गाचा, शनिवारी-रविवारी फक्त. सहाशे ओळी तिने फोनवर केल्यात, शर्वरी. मी स्वतः फोनवर वीस ओळी करून पाहिल्या, डोळे दुखायला लागले.

मुली बारा आहेत तेवीसपैकी. घरून काम म्हटलं की आया खुशीने पाठवतात. पण घरी असलेल्या मुलीचा वेळ कुणी तिचा मानत नाही. पाहुणे आले, अंजेरो (घावनासारखी सोमाली पोळी) घाल. धाकटा रडतोय, घे. त्या दोघी आज्यांना वर्गात आणायचं ते यासाठीसुद्धा. आजी म्हणाली 'पोरगी कामावर बसली आहे', की घर ऐकतं.

---

देशमाने_सर

शेवटचं वाक्य अगदी खरं. आमच्याकडेही तसंच होतं.

---

नैरोबीची_अनुजा

मंडळी, दोन आठवडे काही लिहिलं नाही, धावपळ चालू होती.

तिसरी तुकडी घेतेय. सतरा नाही, नऊच. पहिले दोन शनिवार फक्त कागदपत्रं. प्रत्येकाच्या कार्डावरचं नाव अक्षर-अक्षर लावून वहीत उतरवायचं आणि पुढे सगळीकडे तेच. ज्यांची कागदपत्रं पुरत नाहीत त्यांच्यासाठी गट. नोंदणीला दहा माणसं लागतात असं कळलं, जुन्या तुकडीतल्या चौघांना विचारलं, तयार आहेत.

खालच्या कापडवाल्याशी बोलले. म्हातारा चाचा आहे. आधी म्हणाला, माझं गिऱ्हाईक मला तोंडाने ओळखतं. मग त्याच्याच थानांचे फोटो एका मुलाने उजेडात काढून, मीटरचा भाव घालून व्हॉट्सॲपवर लावले. चौथ्या दिवशी गारिसाहून एका बाईने सहा थानं मागवली. चाचाने मुलाला हजार शिलिंग एमपेसा केले आणि वर शेजारच्या पडदेवाल्याकडे पाठवलं.

दोघींपैकी एक आजी येते म्हणाली. 'फळ्यावर खडूने शिकवीन, स्क्रीनवर नाही,' ही तिची अट. फळा आणलाय.

त्या मुलीकडे गेले होते. तिला गटाची खजिनदार हो म्हटलं, कारण नाव न जुळल्याने काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. विचार करते म्हणाली. हो म्हटलेलं नाही. मी पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाणार आहे.

आता मागणं. जुने लॅपटॉप, चार जीबी रॅम असली तरी चालेल, बॅटरी मात्र धरणारी हवी, कारण वीज जाते. कुणी नैरोबीला येतंय का?

---

कोडकरी_सांगली

माझ्याकडे दोन आहेत, नवीन बॅटरी टाकून देतो. मुंबईपर्यंत पोचवीन.

---

मिनियापोलिसची_माई

हलिमोला धागा वाचून दाखवला, इंग्रजी करून. ती म्हणते, रविवारी तिथल्या दुपारी ती फोनवर आजीशी बोलेल, इथली पत्रकं कशी असतात ते सांगायला. इथे तेव्हा पहाट असते, पण ती शिफ्टवरून तेव्हाच येते.

---

शर्वरी_के

माझी बहीण १९ तारखेला मुंबईहून नैरोबीला येते आहे, तिच्या सामानात दोन लॅपटॉप बसतील. कोडकरी, व्यनि करा. अनुजा, चार्जरला तिकडचे ॲडॉप्टर पाठवू का?

---

नैरोबीची_अनुजा

नको, इथे तीन चौकोनी पिनांचं लागतं, ते आमच्याच मॉलमध्ये तळमजल्यावर मिळतं. लॅपटॉप हातातल्या बॅगेत ठेवायला सांग, सामानात टाकू नको. विमानतळावर मी येते.